ताप नाही म्हणून डेंग्यू नाही? दुर्गम विदर्भाचे नियोजन करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
पूर्व विदर्भ आणि मेळघाटातील डेंग्यू सर्वेक्षणाची आखणी करणारे सर्व आरोग्य अधिकारी

महोदय, महोदया,

पावसाळा तोंडावर आला की तुमच्या बैठका सुरू होतात. औषधसाठा, फवारणीचे पंप, गप्पी मासे, कोरडा दिवस, सगळ्याचा आढावा घेतला जातो. दुर्गम तालुक्यांची पाने मात्र भराभर उलटतात, कारण तिथल्या डेंग्यूच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘निरंक’ असते. रुग्ण नाही म्हणजे डेंग्यू नाही, असे धरून किट, माणसे आणि पैसा वाटला जातो. माझा आक्षेप या धरून चालण्याला आहे. ज्यांच्या गावांबद्दल हे ठरते त्यांना त्या बैठकीचे बोलावणे नसते, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे.

मी नागपुरातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. सासर गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले. जुलै ते नोव्हेंबर डेंग्यूच्या रक्ततपासणीच्या प्लेटी लावायच्या आणि सणावाराला अशा गावी जायचे, जिथल्या अहवालात डेंग्यू नावालाही नाही, असे माझे वर्ष जाते.

मागच्या वर्षी नणंदेचा मुलगा आयटीआयसाठी जूनमध्ये नागपुरात आला, मित्रांसोबत खोली करून राहिला आणि सप्टेंबरात तापाने पडला. चौथ्या दिवशी त्याच्या रक्ताची डेंग्यूची चाचणी-पट्टी मीच लावली. एनएस१, म्हणजे विषाणूचेच प्रथिन, ठळक आले, त्यात नवल नव्हते. शेजारची पट्टी प्रतिपिंडांची, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेल्या प्रथिनांची. तिच्यावर पट्टी नीट चालते हे दाखवणारी कंट्रोलची रेघ आली, नव्या लागणीत आधी येणाऱ्या आयजीएमची (एम) जेमतेम दिसेल इतकी आली आणि मागाहून येऊन टिकणाऱ्या आयजीजीची (जी) रेघ मात्र पाहता पाहता गडद झाली. हे काम करणाऱ्या कुणालाही याचा अर्थ सांगावा लागत नाही. डेंग्यू पहिल्यांदाच झाला असेल तर आयजीजी दिसायला आठवड्याहून अधिक काळ लागतो. चौथ्या दिवशी ती इतकी गडद येते, तेव्हा शरीराची या विषाणूशी ओळख बहुधा जुनी असते. विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराने आयुष्यभर संरक्षण मिळते ते त्याच प्रकारापासून. काही काळाने दुसरा प्रकार गाठतो तेव्हा आधीची प्रतिपिंडे कधी कधी विषाणूलाच पेशीत शिरायला मदत करतात आणि आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो.

पाचव्या दिवशी त्याचा ताप उतरला. घरच्यांना हायसे वाटले, गावी न्यायची भाषा सुरू झाली. डेंग्यूत खरा घोळ होतो तो याच वेळी. संध्याकाळी पोट दुखू लागले, हातपाय गार पडले, सकाळी ४१ असलेला हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा टक्का, ५० वर गेला. रक्तातले पाणी वाहिन्यांबाहेर झिरपत होते. (आपल्याकडे सगळे नातेवाईक प्लेटलेटचा आकडा विचारतात, हिमॅटोक्रिट कोणी विचारत नाही. असो.) सलाइन वेळेवर लागले, पोरगा वाचला. नंतर नणंदेला विचारले, याला आधी कधी असा ताप आला होता का? ती म्हणाली, “नाही जी. मलेरिया झाला होता, तो आशाताईनं तपासला होता. डेंग्यू आमच्या गावात नाहीच.”

त्याला पहिली लागण गावात झाली, की नागपुरात आल्या आल्या झाली? आज हे कोणीही सांगू शकत नाही, कारण त्याच्या गावात कधी कोणी पाहिलेच नाही. माझ्या तक्रारी इथून सुरू होतात.

पहिली तक्रार अशी, की आपले सगळे सर्वेक्षण तापाच्या मागे धावते आणि डेंग्यूची बहुतेक लागण तापाविना होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला जागतिक अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे: वर्षाला सुमारे ३९ कोटी लागणी, आणि त्यांतल्या साधारण ९ कोटी ६० लाखांमध्येच आजार दिसण्याजोगा. म्हणजे चारातल्या तिघांना काही होत नाही, किंवा अंग मोडून आल्यासारखे होऊन दोन दिवसांत जाते. आपल्या देशाचेच घ्या. २०१७-१८ मध्ये १५ राज्यांतल्या ६० जिल्ह्यांत, ५ ते ४५ वयाच्या १२,३०० लोकांचे रक्त तपासले गेले. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांच्या रक्तात डेंग्यू होऊन गेल्याच्या खुणा होत्या. शहरांत हे प्रमाण सुमारे ७१ टक्के होते आणि खेड्यांतही ४२ टक्क्यांच्या वर. २०१७ मध्ये देशभरात नोंदले गेलेले रुग्ण होते १ लाख ८८ हजारांच्या आसपास. देशातल्या निम्म्या माणसांना होऊन गेलेला आजार आणि त्या वर्षी दोन लाखही न भरलेले रुग्ण, या दोन आकड्यांच्या मधे जे हरवले आहे, त्यात आमची गावे आहेत.

दुसरी तक्रार: आमच्याकडे ताप आला तरी डेंग्यू सापडत नाही. गडचिरोली म्हटले की मलेरिया, हे समीकरण डोक्यात पक्के आहे आणि ते चूकही नाही. तापाचा माणूस दिसला की आशाताई बोट टोचते, मलेरियाची पट्टी लावते. आली तर औषध सुरू. नाही आली तर पॅरासिटामॉल, आणि “बघू दोन दिवस”. तिच्या पिशवीत डेंग्यूसाठी काही नाही. त्यात तिचा दोष शून्य. फार झाले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त घेतले जाते, आणि तिथून त्या नळीचा प्रवास सुरू होतो.

तो प्रवास तुम्ही एकदा नळीसोबत करावा असे मला फार वाटते. रक्त गोठून सीरम, म्हणजे वरचे पिवळसर पाणी, वेगळे व्हायला हवे, ते थंड राहायला हवे, म्हणून लसीच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवायचे. मग गाडी मिळायची वाट पाहायची. भामरागड जिल्ह्याच्या ठिकाणापासूनच दीडशे किलोमीटरहून लांब आहे आणि पर्लकोटा नदीला पूर आला की त्याचा बाकीच्या जगाशी संपर्क तुटतो. पूर ओसरून गावभर पाणी साचून राहिलेले असते, तेच दिवस डासांचे. नमुना कसाबसा प्रयोगशाळेत पोहोचला तरी लगेच लागत नाही. एलायझा या प्रतिपिंड चाचणीच्या प्लेटला ९६ वेल, म्हणजे छोटे खळगे, असतात, दर खेपेला त्यांतले काही चाचणी नीट चालली का हे पाहण्याच्या कंट्रोलला जातात. दोन-चार नमुन्यांसाठी अख्खी मांडणी करणे परवडत नाही, म्हणून पुरेसे नमुने जमेपर्यंत ते फ्रीजमध्ये थांबतात. शेवटी वेल पिवळा होऊन डेंग्यू पक्का होतो तेव्हा भामरागडच्या त्या माणसाचा ताप उतरून तो धानाच्या बांधीत कामाला लागलेला असतो. ज्याचा निकाल कामाचा नाही तो नमुना पाठवायचा कशाला, असे आरोग्य सेवकालाही हळूहळू वाटू लागते. नमुने कमी होतात, रकाना रिकामा राहतो आणि पुढच्या वर्षी किट आणखी कमी मिळतात.

तिसरी तक्रार एका ओळीची आहे. ‘निरंक’च्या शेजारी किती जणांचे रक्त तपासले, हा आकडा आम्हा लोकांसमोर कधीच येत नाही.

चौथी तक्रार डासांबद्दल. नागपुरात एडिस, म्हणजे डेंग्यू पसरवणारा डास, शोधायचा म्हणजे कुठे पाहायचे हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे: कूलरचा टब, गच्चीवरची टाकी, कुंडीखालची ताटली. २०२१ च्या साथीने ते शिकवले. पण एडिस हा शहरी डास, जंगलात फक्त मलेरियाचा, ही समजूत जुनी झाली. नळयोजना आली आणि पाणी रोज येत नाही, म्हणून प्रत्येक अंगणात निळे प्लास्टिकचे ड्रम आले. रस्ता आला, त्यासोबत दुचाक्या, पंक्चरची दुकाने आणि टायरांचे ढीग आले. एडिसची अंडी भांड्याच्या काठाला चिकटून कित्येक महिने कोरडी राहिली तरी मरत नाहीत, पाणी लागले की फुटतात. शिवाय एडिस अल्बोपिक्टस हा त्याचा भाऊबंद झाडांच्या ढोलीत आणि तोडलेल्या बांबूच्या खुंटात साचलेल्या पाण्यावर वाढतो. धानोरा, कुरखेडा, कोरचीकडे बांबूची तोड केवढी होते हे मी तुम्हाला सांगायला नको. तोड पेराच्या गाठीला लागून झाली तर खुंटात पाणी साचत नाही. वरचा पोकळ भाग ठेवला तर प्रत्येक खुंट म्हणजे एक पेला. हे ग्रामसभांना सांगायला कोण गेले? जगात इतरत्र असे घडून गेले आहे. पेरूमधले इक्विटोस हे ॲमेझॉनकाठचे शहर, तिथे रस्त्याने जाता येत नाही. तिथून नदीतल्या मोठ्या बोटींबरोबर एडिस आसपासच्या वस्त्यांमध्ये पोहोचल्याचे संशोधकांनी दाखवले आहे. आमच्याकडे तर एसटी जाते, ट्रक जातात.

पाचवी तक्रार नागपुराची. माझ्या भाच्याची नोंद झाली ती त्याच्या भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर. त्या वॉर्डात धूर मारला गेला, चार घरांचे कूलर तपासले गेले, ठीक. पण पहिल्या लागणीचा संशय असलेल्या त्याच्या गावाला कोणीही काही कळवले नाही. तिथल्या आरोग्य सेविकेला हे माझ्याकडून फोनवर कळले. आदिवासी वसतिगृहातली मुले, बांधकामावरचे मजूर, मेडिकलच्या सरकारी रुग्णालयात नातेवाईक घेऊन आलेली माणसे, सगळी पोळ्याला, दिवाळीला घरी जातात. तेलंगणात मिरची तोडायला गेलेली कुटुंबे परततात. चावल्यापासून चार ते दहा दिवसांनी लक्षणे येतात, ज्यांना यायची त्यांना. बाकीचे धडधाकट अंगाने विषाणू घेऊन एसटीत बसतात.

यावर मला मिळालेली उत्तरेही इथेच लिहिते.

“लक्षणे नाहीत तर त्रास कोणाला?” त्रास शेजाऱ्याला. २०१५ मध्ये कंबोडियातल्या अभ्यासात लक्षणे नसलेल्या लागण झालेल्या माणसांना डास चावू दिले, तेव्हा डासांना विषाणू मिळाला. आजारी माणूस मच्छरदाणीत पडून असतो. हा मात्र दिवसभर शेतात, शाळेत, बाजारात फिरतो, आणि एडिस मुख्यतः दिवसा चावतो. शिवाय त्रास त्यालाही आहेच, फक्त तो दुसऱ्या लागणीपर्यंत पुढे ढकलला जातो. ती दुसरी लागण नागपुरात झाली तर मोठे रुग्णालय जवळ असते. गावात झाली तर मधे पर्लकोटा असते.

“आयजीजी भरवशाची नाही, जपानी मेंदूज्वराच्या लसीनेही ती येते.” हा आक्षेप मला मान्य आहे. दोन्ही विषाणू एका कुळातले, आणि विदर्भातल्या काही जिल्ह्यांत ती लस दिली जाते. म्हणून काही नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे न्यूट्रलायझेशन चाचणीसाठी पाठवायचे. त्यातून कोणत्या विषाणूची आणि डेंग्यूच्या कोणत्या प्रकाराची ओळख आहे, हे बरेच स्पष्ट होते. चाचणीत अडचण आहे म्हणून पाहायचेच नाही, हे उत्तर प्रयोगशाळेत काम करणारीला पटणार नाही.

“पैसा नाही.” याला उत्तर देण्याआधी लसीचे बोलू. डेंग्यूवरील एक लस फिलिपिन्समध्ये २०१६ पासून शाळकरी मुलांना देण्यात आली, आठ लाखांहून अधिक मुलांना. २०१७ च्या अखेरीस कळले, की ज्यांना आधी डेंग्यू झालेला नव्हता त्यांच्यात या लसीनंतर आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. मोहीम थांबली, आणि लोकांचा विश्वास इतका उडाला की गोवरासारख्या इतर लसींनाही आया मुले देईनात. आपल्या देशात एका डोसच्या देशी लसीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली, दहा हजारांवर माणसांवर. ती लस वेगळी आहे, ती चांगलीच ठरो. पण उद्या लस हाती आली तर कोणत्या तालुक्यातल्या किती मुलांना डेंग्यू होऊन गेला आहे, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येईल. तेव्हा कोरचीचे उत्तर काय द्याल? आज थोडा खर्च करून ते हाती ठेवता येते.

प्रत्येक निरोगी माणसाच्या हातात सुई टोचा, असे मी म्हणत नाही. घबराटही नको, डेंग्यूच्या नावाने प्लेटलेटचे बाजार कसे भरतात हे आम्ही नागपूरकर पाहतो. माझ्या मागण्या अशा आहेत.

येत्या हिवाळ्यात भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची आणि मेळघाटातल्या धारणी, चिखलदरा या तालुक्यांत, मुद्दाम वर्षानुवर्षे निरंक असलेली गावे निवडून, ५ ते १५ वयाच्या मुलांचे प्रतिपिंड सर्वेक्षण करा. लहान मुलांत किती आणि मोठ्यांत किती यावरून विषाणू गावात नुकता आला की मुरला आहे, हे कळते. बोटाच्या रक्ताचा ठिपका गाळणकागदावर वाळवून पाठवला तरी प्रतिपिंडे तपासता येतात, त्याला बर्फाचा डबा लागत नाही आणि पूर ओसरेपर्यंत तो थांबू शकतो. आधी ग्रामसभेची परवानगी घ्या. माडिया, गोंडी, कोरकूत समजावून सांगणारे माणूस सोबत न्या, आणि निकाल त्या त्या घराला परत द्या. रक्त घेऊन गेले आणि पुन्हा तोंड दाखवले नाही, हा अनुभव या गावांना नवा नाही.

दुर्गम गावात एक जरी रुग्ण पक्का झाला तरी त्याच्या घरातल्या आणि सभोवतालच्या शंभर मीटरमधल्या माणसांचे नमुने ताप असो-नसो घ्या. थायलंडमधल्या काम्फेंग फेत प्रांतात याच पद्धतीने लक्षणे नसलेल्या लागणी पकडल्या गेल्या. एडिस फार लांब उडत नाही, त्यामुळे एवढा घेर पुरतो.

प्रत्येक साप्ताहिक अहवालात रुग्णसंख्येच्या शेजारी तपासलेल्या नमुन्यांची संख्या छापा. नमुना एकही नसेल तर ‘निरंक’ऐवजी ‘तपासणी नाही’ असे लिहा. यासाठी पैसाही लागत नाही.

नागपुरात डेंग्यू निघालेल्या प्रत्येक रुग्णाचा मूळ गावचा पत्ता आणि गेल्या पंधरा दिवसांतला प्रवास लिहून घ्या, आणि तो त्याच आठवड्यात त्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. आयजीजी लवकर आलेली असेल तर तेही कळवा.

मलेरियाची पट्टी निगेटिव्ह आलेल्या तापाच्या रुग्णांपैकी ठराविक हिश्शाचे डेंग्यूसाठी रक्त घ्या, आणि नमुने नेण्याचा वार बांधून द्या. निकाल मोबाइलवर थेट आरोग्य सेविकेला जाऊ द्या.

बांबू तोडीच्या हंगामाआधी वनविभागाला आणि ग्रामसभांना सोबत घेऊन खुंट कसा कापायचा ते ठरवा. ड्रमला झाकण आणि आठवड्यातून एकदा घासून रिकामा, एवढे सांगायला धुराची गाडी लागत नाही. ती गाडी तिथपर्यंत जातही नाही.

याचे उत्तर मला व्यक्तिशः नको. वरच्यातले काय करणार, काय नाही आणि का नाही, हे दिवाळीपूर्वी त्या सहा तालुक्यांच्या ग्रामसभांना लेखी कळवा आणि प्रत वर्तमानपत्रांना द्या. गाळणकागदावर ठिपके घ्यायला, ते पंच करून प्लेटी लावायला हात कमी पडत असतील तर सांगा. आमच्या प्रयोगशाळेतले आम्ही काही जण रजा टाकून धानोऱ्याला यायला तयार आहोत. राहायची सोय माझ्या सासरी होईल.

आपली,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ
नागपूर